शिक्षक मुख्याध्यापक होतो तेव्हां

आमच्या वाचकांपैकीं एका वडीलधाऱ्या गृहस्थांचें पत्र या महिन्यांत आमच्या हातीं आलें. त्यांच्या धाकट्या सूनबाई एका अनुदानित माध्यमिक शाळेंत गेलीं सतरा वर्षें संस्कृत व मराठी शिकवीत आहेत. येत्या वर्षीं शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत असून सेवाज्येष्ठतेनें ती जागा सूनबाईंकडे येते. त्या तयारीसाठीं त्यांनीं शालेय व्यवस्थापनाची पदविका घेण्याचें ठरविलें आहे, आणि रात्रीं मुलें निजल्यावर त्या नोंदवह्यांचे नमुने व नियमांचीं पुस्तकें घेऊन बसतात. घरांत मात्र दोन मतें पडलीं आहेत. सासूबाई म्हणतात कीं, पगारांत अंतर थोडें आणि ताप दुप्पट; शिकविण्यांत जिचा हात धरणारें कोणी नाहीं, तिनें कारकुनी कशाला पत्करावी? खुद्द सूनबाईंचेंही मन दोलायमान झालें आहे. त्यांनीं हक्क सोडल्याचें लेखी दिलें तर जागा ज्येष्ठतेंत पुढें असलेल्या शिक्षकाकडे जाईल. आपण वडील माणसांनीं काय सल्ला द्यावा, असें गृहस्थ विचारतात.

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. आमच्या वाचकांच्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी शिक्षकी पेशांत आहे किंवा होतें. आणि उत्तम शिक्षकानें शाळेचा कारभार अंगावर घ्यावा कीं नाहीं, व घ्यावयाचा तर त्याची तयारी कशी करावी, याचा निर्णय त्या घरांस केव्हां तरी करावा लागतो. आमचा स्वतःचा अधिकार बेताचाच आहे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यावर अध्यापनाची पदविका, आणि पाठशाळेंत शास्त्रीबोवांपाशीं झालेलें संस्कृताचें अध्ययन, एवढ्या शिदोरीवर आम्हीं प्राथमिक शाळेंत जन्म काढला. सेवेचीं शेवटचीं नऊ वर्षें मात्र मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर गेलीं, आणि तत्पूर्वीं प्रशिक्षणाचे वर्ग आम्हांसही करावे लागले. त्या अनुभवाच्या आधारें चार शब्द लिहितों.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत थोर कोण यावरून कलह लागतो, आणि निवाड्याचें काम परिव्राजिकेकडे येतें. तिनें तेथें सांगितलेलें तत्त्व शिक्षकमात्रानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कोणाची विद्या स्वतःच्या ठायीं उत्तम असते, कोणाचें कौशल्य ती दुसऱ्यास देण्यांत असतें. ज्याच्यापाशीं दोन्हीं आहेत त्याला शिक्षकांच्या अग्रभागीं बसवावें, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. आपल्या शाळांतही पुष्कळांचा समज असाच आहे कीं, जो उत्तम शिकवितो तो उत्तम मुख्याध्यापक होणारच. परंतु परिव्राजिकेपुढें प्रश्न होता तो श्रेष्ठ शिक्षकाचा. शाळा चालविणाऱ्याचा नव्हे. शाळा चालविणाऱ्यास तिसरा एक गुण लागतो, आणि तो म्हणजे दुसऱ्याचें कौशल्य फुलेल अशी व्यवस्था लावून देणें. शिक्षकाचा आनंद आपल्या वर्गांत व आपल्या पाठांत असतो. मुख्याध्यापकाला वीस जणांचे पाठ नीट व्हावेत म्हणून स्वतःचा पाठ मागें ठेवावा लागतो. आपल्या आवडीचा धडा दुसरा कोणी आपल्याला न रुचणाऱ्या पद्धतीनें शिकवीत असतां मागच्या बाकावर स्वस्थ बसून ऐकणें आणि मुलांना तो समजत असेल तर मनापासून बरें म्हणणें, हें बोलण्याइतकें सोपें नाहीं. आमच्या बरोबरीच्या प्रशिक्षणार्थींत ज्यांना ही गोष्ट सर्वांत जड गेली ते बहुधा वर्गांत नांवाजलेले शिक्षकच होते.

प्रशिक्षणांत शिकवितात काय, हें घरच्या मंडळींस सहसा ठाऊक नसतें. म्हणून तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्यें स्थापन झालें, आणि त्याच्या शालेय व्यवस्थापन पदविकेचा मार्ग नोकरी न सोडतां आजवर पुष्कळ शिक्षकांनीं धरला. विषयांचीं नांवें कांहींही असोत, ते सारे एका जुन्या जोडशब्दांत मावतात. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें सांभाळणें हें क्षेम. शाळेच्या योगक्षेमापैकीं क्षेमाची बाजू नोंदवह्यांत असते, आणि योगाची माणसांत.

प्रथम नोंदवह्या. सासूबाई ज्याला कारकुनी म्हणतात तें हेंच. जनरल रजिस्टर, हजेरीपट, रोजकीर्द, डेडस्टॉक रजिस्टर, आवक-जावक, सेवापुस्तकें, लॉगबुक, अशी ही यादी पहिल्याच दिवशीं फळ्यावर लिहिलेली पाहून आमच्यापैकीं पुष्कळांचीं तोंडें उतरलीं होतीं. परंतु या वह्यांचा अर्थ खुर्चीवर बसल्यावर कळतो. आमच्या शाळेंत एकदां साठी उलटलेले एक गृहस्थ आले. चौथी झाल्यावर त्यांनीं शाळा सोडली होती व पुढें आयुष्यभर सुतारकाम केलें होतें. वृद्धांस मिळणाऱ्या साहाय्याच्या अर्जाला वयाचा पुरावा हवा होता, आणि त्यांच्यापाशीं कागदाचा कपटाही नव्हता. लोखंडी पेटींतून जुनें रजिस्टर काढलें. पन्नास वर्षांपूर्वींच्या कोण्या मुख्याध्यापकानें टाकाच्या वळणदार अक्षरांत त्यांचें नांव, वडिलांचें नांव आणि जन्मतारीख अंकीं व अक्षरीं लिहून ठेविली होती. अर्ध्या तासांत दाखला झाला. ज्यानें ती ओळ लिहिली त्याला आपण कोणाचें म्हातारपण सुलभ करीत आहों याची कल्पनाही नसेल.

याच्या उलट एका दुसऱ्या शाळेंतील गोष्ट. तेथील शिपायाच्या सेवापुस्तकांत दोन दीर्घ रजांची नोंद कोणीं केलीच नव्हती. तो निवृत्त झाल्यावर त्या दोन ओळींपायीं त्याचें निवृत्तिवेतन वर्षाहून अधिक काळ अडकून पडलें, आणि मुलीचें लग्न त्यानें कर्ज काढून केलें. नोंद राहून गेली तेव्हां शाळेंत मुख्याध्यापक होते, व ते शिकवीतही उत्तम असत असें आम्हीं ऐकलें आहे. कारकुनानें लिहावें हें खरें. पण सहीपूर्वीं जो वाचीत नाहीं त्याची सही म्हणजे केवळ शाईचा डाग होय.

नोंदवह्यांच्या पाठोपाठ कायदा येतो. महाराष्ट्रांतील खासगी शाळांतील नोकरवर्गाच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. नेमणूक, ज्येष्ठता, रजा, चौकशी हे सर्व विषय तींत येतात. शिक्षकाच्या पोटाशीं संबंध असलेल्या या गोष्टी मुख्याध्यापकानें ऐकीव माहितीवर सोडून चालत नाहींत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्यें संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षाला निदान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांस २२० दिवस व १००० तास अध्यापन झालें पाहिजे. शिक्षकाचे आठवड्याचे तास पाठाची तयारी धरून ४५. मुलास शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास त्यांत मनाई आहे. हे आंकडे पाठ करून परीक्षेंत उतरविणें सोपें आहे. पावसाळ्यांत नदीला पूर आला, चार दिवस शाळा बंद राहिली, वर निवडणुकीच्या कामास सहा शिक्षक गेले, तर २२० ची भरती कोठून करावयाची, हा हिशेब मुख्याध्यापकाला जून महिन्यांतच मांडावा लागतो.

शाळेंतल्या जेवणाचाही हिशेब असाच आहे. मध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना १९९५ मध्यें सुरू झाली आणि २०२१ मध्यें तिचें नांव बदललें. पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम, असें तिचें प्रमाण आहे. तांदळाचीं पोतीं मोजून घेणें, पटाशीं ताळा पाहणें, उंदीर-ओल यांपासून धान्य जपणें हें सारें शाळेवर येतें. येथें एक मौजेचा विरोध आमच्या ध्यानांत आला. आपल्या घरीं नैवेद्यापूर्वीं अन्नाची चव घेणें वर्ज्य; शाळेंत मात्र मुलांना वाढण्यापूर्वीं निदान एका शिक्षकानें तरी अन्न चाखून पाहिलेंच पाहिजे, असा नियम. आम्हांस दोन्हींत एकच भाव दिसला. पानावर बसणाऱ्याविषयींचा आदर दोन्हींकडे सारखाच आहे.

अलीकडे वह्यांच्या जोडीला संगणक आला आहे. मुलांच्या नोंदी 'सरल' प्रणालींत, पगाराचीं बिलें 'शालार्थ' मध्यें, शाळेची एकंदर माहिती 'यू-डायस' मध्यें भरावी लागते. पटसंख्येवरून संचमान्यता ठरते. म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावयाचे तें ठरतें. एका वर्गांतील मुलांची नोंद वेळेवर झाली नाहीं तर एखादा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या गांवीं जाण्याची पाळी येऊं शकते. त्याच्या घरचे आईवडील, मुलांच्या शाळा, बायकोची नोकरी, सारें त्या एका आंकड्याला टांगलेलें असतें. यालाही कारकुनीच म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. पण ती हलकी नव्हे.

आतां माणसांची बाजू. येथें प्रशिक्षण थोडें शिकवितें आणि पुष्कळसें तुमच्यावर सोडतें. एक गोष्ट मात्र आमच्या वर्गांत फार चांगली शिकविली. दुसऱ्याचा पाठ पाहण्यास गेलां असतां शिक्षक काय करतो हें न लिहितां मुलें काय करीत आहेत हें लिहावें, असें आम्हांस सांगण्यांत आलें. तिसऱ्या रांगेंतील मुलगी वही उघडून बसली आहे पण लिहीत नाहीं. शेवटच्या बाकावरील दोघांना फळा दिसत नाहीं. प्रश्न विचारला तो चौघांनाच चारदां. असें टांचण घेऊन नंतर त्या शिक्षकापाशीं बसलें म्हणजे बोलणें मुलांविषयीं होतें आणि समोरच्याचा मान दुखावत नाहीं. लॉगबुकांत शेरा लिहावयाचा तो हें बोलणें झाल्यावर. शेरा आधीं आणि बोलणें मागाहून असा क्रम जेथें असतो, तेथें शिक्षक शेऱ्यासाठीं शिकवूं लागतात.

सर्वांत अवघड भाग तो नात्याचा. काल ज्यांच्याबरोबर एका डब्यांतून जेवलों, त्यांच्या गोपनीय अहवालावर आज आपली सही. आमच्या बरोबर प्रशिक्षण घेणाऱ्या एक विज्ञानाच्या बाई पुढें त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांची बारा वर्षांची मैत्रीण रोज पहिल्या तासाला दहा मिनिटें उशिरां येऊं लागली. इतर शिक्षक पाहत होते. कांहीं कुजबुजूंही लागले. बाईंनीं मैत्रिणीला एकटीला बोलावून कारण विचारलें. घरीं सासरे अंथरुणास खिळलेले, आणि त्यांचें सकाळचें सारें आटोपल्यावांचून बाहेर पडणें अशक्य. बाईंनीं त्या सत्रापुरता तिचा पहिला तास शेवटीं नेला, तसा लेखी बदल वेळापत्रकांत केला, आणि शिक्षकांच्या सभेंत सर्वांना सांगितलें कीं, अशी अडचण ज्याला असेल त्यानें सांगावी, सोय पाहूं. मैत्रिणीला प्रथम तें थोडें लागलें. आपली गोष्ट चारचौघांत जाऊं नये असें तिला वाटत होतें. परंतु कारण बाईंनीं कोणास सांगितलें नव्हतें, केवळ सवलत सांगितली होती. कुजबूज थांबली, आणि त्याच वर्षीं आणखी दोघांनीं आपल्या अडचणी उघड मांडल्या. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं. एका सुनेला गुपचूप दिलेली सवलत घर फोडते, आणि तीच पंक्तींत बोलून दिली तर कोणास खटकत नाहीं.

पालकांशीं वागणें हाही याच शिक्षणाचा भाग. सन २००९ च्या कायद्यानें, विनाअनुदानित खासगी शाळा वगळतां, शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदर सभासदांपैकीं निम्म्या स्त्रिया असाव्यात असें ठरवून दिलें आहे. समितीवर कधीं मजुरी करणारी आई येते. ती सभेंत बोलत नाहीं, अंगठ्याऐवजीं सही करावयाला नुकतीच शिकलेली असते. तिचा दिवस बुडूं नये अशी सभेची वेळ ठेवणें आणि इतिवृत्त तिला वाचून दाखविणें हें ज्या मुख्याध्यापकाला सुचतें, त्याच्या शाळेंतील नळ, संडास व पोषण आहार यांची खरी स्थिति त्याला आधीं कळते. कारण मुलें घरीं आईला सांगतात, गुरुजींना सांगत नाहींत.

विद्वत्ता आणि कारभार यांचें जमत नाहीं, असा एक जुना समज आपल्या समाजांत आहे. तो सर्वस्वी खरा नाहीं. पुण्यास १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज निघालें. त्या कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे हे संस्कृताचे गाढे पंडित. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्यें प्रसिद्ध झाला, आणि तो आजही अभ्यासकांच्या मेजावर असतो. १८९२ मध्यें अवघ्या चौतिसाव्या वर्षीं ते वारले, आणि त्यांच्या जागीं आगरकर आले. कोल्हापूरकडील जे. पी. नाईक यांनीं तर शिक्षणाच्या कारभारालाच आपला विषय केला. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. कारभार म्हणजे विद्येपासून पळ काढणें, असें या मंडळींविषयीं कोण म्हणेल?

प्रशिक्षणाचे दोषही सांगितले पाहिजेत. टिपणें फार आणि प्रत्यक्ष काम थोडें, हा मुख्य दोष. दुसरा असा कीं, पुष्कळदां माणूस खुर्चीवर आधीं बसतो आणि त्याला शिकवितात मागाहून. दिल्लीस शालेय नेतृत्वासाठीं राष्ट्रीय केंद्र २०१२ मध्यें निघालें, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्याध्यापकांनीं दर वर्षीं निदान ५० तास व्यवसायवृद्धीच्या शिक्षणांत घालवावेत अशी अपेक्षा ठेविली आहे. हें चांगलेंच झालें. आमची एक साधी सूचना आहे. होऊं घातलेल्या मुख्याध्यापकाला दुसऱ्या एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या शेजारीं जूनचे आठ दिवस आणि मार्चअखेरचे आठ दिवस नुसतें बसवावें. जूनमध्यें प्रवेश आणि वेळापत्रक, मार्चमध्यें रोजकीर्द आणि अनुदानाचा हिशेब. त्या सोळा दिवसांत तो जें शिकेल तें सोळा पुस्तकांत मिळणार नाहीं.

आतां पत्रलेखक गृहस्थांस आमचें उत्तर. आपल्या सूनबाईंनीं ही जागा घ्यावी असें आमचें मत आहे. मात्र तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, संस्कृताचा एक तरी वर्ग त्यांनीं स्वतःकडे ठेवावा. तास थोडे असले तरी चालतील. पण वर्ग सुटला म्हणजे शिक्षकाच्या अडचणी कानावर येतात, अंगावर येत नाहींत. दुसरी, कोणत्याही कागदावर वाचल्यावांचून सही करूं नये, मग समोर कितीही घाई असो. तिसरी गोष्ट त्यांच्यासाठीं नव्हे, आपणांसाठीं आहे. मार्चअखेर आणि परीक्षांच्या दिवसांत त्या उशिरां घरीं येतील. तेव्हां संध्याकाळचा स्वयंपाक व मुलांचा अभ्यास कोणाकडे, हें आजच ठरवावें, आणि त्या वांटणींत घरांतील पुरुषांचींही नांवें असावींत. ही व्यवस्था नसेल तर दोष पदाचा नसून घराचा होईल.

सासूबाईंस आमची नम्र विनंति अशी. उत्तम स्वयंपाक करणें वेगळें आणि घर चालविणें वेगळें, हें आम्ही आपणांस काय सांगावें? कोठीची किल्ली ज्या दिवशीं आपल्या हातीं आली, त्या दिवसापासून पुरणपोळी करण्याचें सुख थोडें मागें पडलें असेल, आणि कोणाच्या पानांत काय पडलें इकडे लक्ष अधिक गेलें असेल. कोणी त्याला कारकुनी म्हटलें नाहीं. सूनबाईंच्या हातीं येणारी किल्ली त्याच जातीची आहे. फक्त पंक्तीला पांचशें मुलें आहेत. इतकें सांगूनही, सर्व बाजूंचा विचार करून त्यांनीं वर्गांतच राहावयाचें ठरविलें, तर त्यांत कमीपणा नाहीं. आयुष्यभर उत्तम शिकविणाऱ्याची शाळेला कधींच उणीव पडूं नये. भीतीपोटीं किंवा घरच्यांच्या रुसव्यापोटीं नकार देऊं नये, एवढेंच.

जातां जातां सर्व वाचकांस एक सूचना. आपल्या मुलाच्या किंवा नातवाच्या शाळेंत या महिन्यांत एकदां जाऊन जनरल रजिस्टरांतील त्याचें नांव, वडिलांचें व आईचें नांव आणि जन्मतारीख बरोबर आहे कीं नाहीं हें विनंति करून तपासून घ्यावें. चूक असेल तर मूल शाळेंत आहे तोंवरच ती दुरुस्त करणें सोपें असतें. आणि काम झाल्यावर ज्यांनीं ती वही नीट ठेविली त्या मुख्याध्यापकांना दोन चांगले शब्द बोलून यावें. त्यांच्या खोलींत तक्रारी रोजच जातात.